लक्षणं काहीच नाहीत, तरी कोलोनोस्कोपी करावी का?

मृदगंधा :
वय ५३. पोटाची कसलीही तक्रार नाही, रक्ताचे रिपोर्ट चांगले. नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पन्नाशी उलटली आहे, एकदा कोलोनोस्कोपी करून घ्या." मोठ्या आतड्याचा कर्करोग किंवा त्याआधीच्या गाठी शोधायला कॅमेऱ्याची नळी आत घालून करतात ती ही तपासणी. मी हो म्हणून आले. घरी नवऱ्याने २०२२ सालच्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासाची बातमी काढून दाखवली. या तपासणीमुळे मृत्यू कमी झालेच नाहीत, असं त्या बातमीचं शीर्षक होतं. त्याचं म्हणणं, धडधाकट माणसाने भूल, जुलाब आणि नळीच्या मागे का लागायचं? शौचाचीही एक साधी तपासणी असते म्हणे, ती पुरेशी नाही का?

मला दोन्ही बाजू पटतात आणि म्हणूनच निर्णय होत नाहीये. ज्यांनी केली आहे, ज्यांनी ठरवून टाळली आहे, आणि ज्यांना यातलं कळतं, अशा सगळ्यांनी लिहा.

रानवारा :
करून टाका. आदल्या दिवशीचा वैताग सोडला तर त्यात काही नाही. झोपेचं इंजेक्शन दिलं, जाग आली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. दोन बारीक पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरच्या गाठी) निघाले, तिथल्या तिथे काढले.

सरळरेघ :
रानवारा, दोन बारीक पॉलिप निघाले म्हणजे तुमचा जीव वाचला असं नव्हे. या वयात असे पॉलिप कितीतरी जणांना असतात आणि त्यातले बहुतेक आयुष्यभर काहीही करत नाहीत. "माझे काढले, मी वाचलो" असं ज्याला त्याला वाटतं, आणि त्यातूनच या तपासणीचा बोलबाला होतो.

आकडेमोड :
बातमीच्या शीर्षकावर जाऊ नका, आकडे बघा. यजमान म्हणतात तो अभ्यास नॉर्डिक नावाचा. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधले ५५ ते ६४ वयाचे सुमारे ८४,५०० लोक. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, काहींना कोलोनोस्कोपीचं निमंत्रण गेलं, बाकीच्यांना काहीच नाही. दहा वर्षांनी मोजलं तर निमंत्रण मिळालेल्यांत दर १० हजारांमागे ९८ जणांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला, दुसऱ्या गटात १२०. या कर्करोगाने मृत्यू अनुक्रमे २८ आणि ३१. म्हणजे कर्करोग कमी झाले हे नक्की. मृत्यूंमधला फरक मात्र इतका लहान की तो निव्वळ योगायोगही असू शकेल.

आता बातमीत जे बहुधा राहून गेलं ते. ही तुलना निमंत्रणाची आहे. बोलावलेल्यांपैकी प्रत्यक्ष तपासणीला आले फक्त ४२ टक्के. निम्म्याहून जास्त लोक घरीच बसले आणि तरी ते "कोलोनोस्कोपी गटात" मोजले गेले. तपासणी खरोखर केली तर काय झालं असतं, याचा वेगळा हिशोब त्याच संशोधकांनी मांडलाय. त्यात कर्करोग ३१ टक्क्यांनी आणि मृत्यू ५० टक्क्यांनी कमी दिसतात.

सरळरेघ :
त्या दुसऱ्या हिशोबावर माझा विश्वास कमी आहे आणि त्याला कारण आहे. पत्र आल्यावर जे उठून तपासणीला जातात ते मुळातच तब्येतीला जपणारे असतात. सिगरेट कमी, व्यायाम जास्त, दुखलं-खुपलं की लगेच डॉक्टरकडे. त्यांना कर्करोग कमी झाला याचं श्रेय नळीला किती आणि त्यांच्या स्वभावाला किती? आकडेशास्त्राने हा फरक पुसायचा प्रयत्न करतात, पण पूर्ण पुसला जात नाही. यादृच्छिक विभागणी करतात ती याचसाठी.

आणि ५० टक्के हा आकडा भारदस्त वाटतो, पण तो ०.३० टक्क्यांवरून ०.१५ टक्क्यांवर आलेला आहे. दहा वर्षांत हजारामागे दीड माणूस. त्याच अभ्यासात कोणत्याही कारणाने झालेले एकूण मृत्यू दोन्ही गटांत ११ टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ तंतोतंत सारखे. हेही सांगायला हवं.

आकडेमोड :
तब्येतीला जपणाऱ्यांचा मुद्दा मान्य. एकूण मृत्यूंचा नाही. शंभरातले अकरा जण हृदयविकार, पक्षाघात, अपघात, इतर कर्करोग अशा सगळ्याने गेले, त्यातला या आजाराचा वाटा एक तृतीयांश टक्क्याच्याही आत. तो निम्म्यावर आला तरी एकूण आकड्यात दिसणारच नाही. तो फरक पकडायचा तर लाखोंचा अभ्यास लागेल.

डॉ_पारिजात :
पोटविकार विभागात काम करतो, रोज हेच करतो, तेव्हा माझा कल कुठे आहे ते लक्षात ठेवूनच वाचा.

आतड्यातली साधी गाठ, म्हणजे अडेनोमा, तिचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं किंवा त्याहून अधिक काळ लागतो. सगळ्यांचा होतही नाही. त्यामुळे आज गाठ काढली की त्याचा मृत्यूंवरचा परिणाम दिसायला दहा वर्षं हा अगदी सुरुवातीचा टप्पा. पहिली काही वर्षं तर तपासणी झालेल्या गटातच कर्करोग जास्त सापडतात, कारण जे लपलेले असतात ते आधी उघड होतात. नॉर्डिकमध्येही सुरुवातीला असंच होतं, आलेख नंतर एकमेकांना छेदतात.

त्याआधीचा पुरावा हवा तर ब्रिटनमधला सिग्मॉइडोस्कोपीचा अभ्यास बघा, २०१० साली आला. सुमारे १ लाख ७० हजार लोक. तिथे आतड्याचा फक्त डावीकडचा, शेवटचा भाग एकदाच तपासला होता, आणि निमंत्रणाच्या हिशोबानेही या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तोही यादृच्छिक अभ्यास, सरळरेघ. गाठ काढल्याने कर्करोग टळतो हे तत्त्व त्याने पक्कं केलं.

जुई :
डॉक्टर, मग उजव्या बाजूचं काय? मी वाचलं होतं की कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताच्या नोंदींवरून २००९ साली एक लेख आला. कोलोनोस्कोपी झालेल्यांत डाव्या बाजूच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होते, उजव्या बाजूच्या मृत्यूंत फरक जवळपास नव्हता.

डॉ_पारिजात :
बरोबर वाचलंत, आणि त्या लेखाने आमच्या क्षेत्राला चांगलंच हलवलं. उजवीकडे दोन अडचणी. एक, पोट नीट साफ झालं नसेल तर घाण तिथेच साचून राहते. दुसरी, तिथले काही पॉलिप देठावर उभे नसतात. पसरट असतात, रंग आजूबाजूच्या अस्तरासारखाच, आणि वर शेवाळासारखा पिवळट चिकट थर बसलेला. घाईत बघितलं तर अस्तराची एक घडी समजून पुढे जाल. पाण्याचा फवारा मारून तो थर धुतला की खाली कडा दिसायला लागते, अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी तिथेच तुटलेली दिसते. मग कळतं की अरे, हा तर चांगला दीड सेंटिमीटरचा आहे. असा एक सापडायला कधीकधी त्याच वळणावरून नळी दोनदा-तीनदा मागेपुढे करावी लागते.

म्हणून तपासणी कोण आणि कशी करतो याला फार महत्त्व आहे. नळी आत घालताना नाही, बाहेर काढताना खरं निरीक्षण होतं. त्याला किमान सहा मिनिटं द्यावीत असा जुना दंडक आहे. डॉक्टरला शंभर तपासण्यांत किती जणांत अडेनोमा सापडतो, याचंही मोजमाप असतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात हे प्रमाण एका टक्क्याने वाढलं की नंतर होणाऱ्या कर्करोगाचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी उतरताना दिसला. पेशंटने हे प्रमाण विचारलं तर मला अजिबात राग येत नाही. कुणालाही येऊ नये.

टिटवी :
प्रतिसाद फार आवडला, वाचनखूण साठवली.

पोट साफ करण्यावरून एक अगदी व्यवहारातली गोष्ट. औषध दोन भागांत घ्या. अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. पहाटे उठावं लागलं तरी चालेल. सगळं एकदम आदल्या रात्री संपवलं तर सकाळपर्यंत उजव्या बाजूला पुन्हा घट्ट रस उतरतो. औषध थंड करून नळीने प्यायलं तर चव कमी लागते. शेवटी तळ दिसेल असं पिवळसर, पारदर्शक पाणी पडायला लागलं की समजा झालं. बिया आणि चोथा असलेलं खाणं दोन-तीन दिवस आधीच बंद करा, आणि लाल किंवा जांभळ्या रंगाची पेयं टाळा, आत रक्तासारखी दिसतात.

अनवट :
आणि त्या दिवशी घरातली दुसरी माणसं दुसऱ्या स्वच्छतागृहात पाठवा. :))

उंबरठा :
हसा, पण एक गंभीर गोष्ट मध्ये घालते. इथे सगळी चर्चा लक्षणं नसलेल्यांची चालू आहे. लक्षणं असतील तर हा वादच लागू होत नाही. माझ्या धाकट्या दिरांना ४६ व्या वर्षी शौचातून रक्त जायला लागलं. मूळव्याध म्हणून वर्षभर मलमं आणि गोळ्या झाल्या. हिमोग्लोबिन उतरलं तेव्हा लोहाच्या गोळ्या. पुरुषाच्या अंगातलं लोह विनाकारण का कमी होईल, हा प्रश्न कुणाला पडला नाही. शेवटी वजन घटलं तेव्हा कोलोनोस्कोपी झाली. गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर गेली होती. ऑपरेशन, केमो, सगळं झालं. आज ते बरे आहेत, पण ते वर्ष वाया जायला नको होतं.

रक्त, शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, कारण नसताना ॲनिमिया, कारण नसताना वजन घटणं. यातलं काही असेल तर नॉर्डिक वाचत बसू नका. वय तिशीचं असलं तरी.

आकडेमोड :
+१०० उंबरठा. यात वयाचा मुद्दाही येतो. ॲक्टर चॅडविक बोजमन २०२० साली याच आजाराने गेला तेव्हा ४३ वर्षांचा होता. तरुणांत प्रमाण वाढताना दिसलं म्हणूनच अमेरिकेत सुरुवातीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. तिथल्या कर्करोग संस्थेने २०१८ मध्ये, सरकारी तज्ज्ञ गटाने २०२१ मध्ये.

जुई :
मूळ प्रश्नातला अर्धा भाग अजून तसाच राहिलाय, शौचाच्या तपासणीचा. मी जाणीवपूर्वक तीच निवडली आहे आणि त्यावर ठाम आहे.

तिला फिट म्हणतात. घरी एका काडीवर नमुना घ्यायचा, डबीत बंद करायचा, द्यायचा. डोळ्यांना न दिसणारं माणसाचं रक्त त्यात पकडलं जातं, त्यामुळे जुन्या तपासणीसारखं खाण्यावर बंधन नसतं. स्पेनमध्ये ५० ते ६९ वयाच्या ५७ हजारांवर लोकांवर थेट सामना झाला. एका गटाला एकदा कोलोनोस्कोपीचं निमंत्रण, दुसऱ्याला दर दोन वर्षांनी फिटचं. २०२५ साली दहा वर्षांचे निकाल आले. या कर्करोगाने मृत्यूचा धोका कोलोनोस्कोपी गटात ०.२२ टक्के, फिट गटात ०.२४ टक्के. म्हणजे फिट उणी ठरली नाही. कोलोनोस्कोपीला आले ३२ टक्क्यांच्या आसपास आणि फिटला ४० टक्के. इंग्लंड आणि नेदरलँड्सचे राष्ट्रीय कार्यक्रम फिटवरच चालतात. सगळ्या धडधाकट लोकांना नळीच्या रांगेत उभं केलं तर उंबरठाच्या दिरांसारख्या माणसाला तारीख कधी मिळणार? हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

रानवारा :
पण फिटमधून सुटतंही बरंच ना?

जुई :
सुटतं. एका वेळच्या फिटमध्ये चारातले तीन कर्करोग पकडले जातात, मोठ्या धोकादायक पॉलिपांपैकी मात्र चारातला एखादाच. म्हणून ती वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा करायची. पॉलिप आज रक्त सोडत नसेल, पुढच्या खेपेला सोडेल. एकदा करून निगेटिव्ह आली म्हणून विसरून जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

डॉ_पारिजात :
जुई, तुमच्याशी मी जवळजवळ पूर्ण सहमत आहे. एक भर. फिट पॉझिटिव्ह आली तर पुढे कोलोनोस्कोपी झालीच पाहिजे. "मूळव्याधीचं रक्त असेल" म्हणून पुन्हा फिट करून बघणारे आणि दुसरी निगेटिव्ह आली की सुटकेचा श्वास टाकणारे पेशंट मी बघतो. पहिली पॉझिटिव्ह दुसऱ्या निगेटिव्हने पुसली जात नाही.

अनवट :
रक्ताच्या तपासणीचं काय? एका नळीभर रक्तात कर्करोग कळतो अशी जाहिरात बघितली होती.

आकडेमोड :
शील्ड नावाच्या तपासणीला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. कर्करोग असेल तर ८३ टक्के वेळा पकडते, धोकादायक पॉलिप फक्त १३ टक्के वेळा. म्हणजे झालेला रोग शोधते, होऊ घातलेला थांबवत नाही. जे दुसरं काहीच करणार नाहीत त्यांच्यासाठी ठीक. फिटच्या जागी नाही.

सरळरेघ :
धोक्यांबद्दल कुणी बोललेलं नाही. आतडं फाटणं, रक्तस्राव, झोपेच्या औषधाचा त्रास. निरोगी माणसाला आपण इजा करतोय, तर आजाऱ्यापेक्षा त्याच्या बाबतीत जास्त सावध राहायला हवं.

डॉ_पारिजात :
नक्कीच. स्क्रीनिंगसाठी, म्हणजे लक्षणं नसताना, केलेल्या तपासण्यांत आतड्याला छिद्र पडण्याचं प्रमाण दर १० हजारांत सुमारे तीन, मोठ्या रक्तस्रावाचं चौदा-पंधरा. रक्तस्राव बहुतेक वेळा पॉलिप काढल्यावर होतो, कधी आठवड्याभरानेही. वय वाढलं, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असला की धोका चढतो. रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेहाचं औषध चालू असेल तर ते कधी थांबवायचं, कधी सुरू करायचं हे आधी लेखी घ्या. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, त्यातून पक्षाघात होऊ शकतो.

आणि सरळरेघ, तुम्ही सुरुवातीला बारीक पॉलिपांबद्दल लिहिलंत ते अर्धं बरोबर आहे. एक-दोन अडेनोमा, दहा मिलिमीटरहून लहान, अशांना अमेरिकी मार्गदर्शनानुसार पुढची तपासणी सात ते दहा वर्षांनी. युरोपात तर अशा माणसाला वेगळी देखरेखच नको म्हणतात. तरीही दर वर्षा-दोन वर्षांनी बोलावलं जातं. तो अतिरेक आहे आणि त्याचा धोका खरा आहे. रानवारा, तुम्हाला पुढची तारीख काय दिली आहे?

रानवारा :
दोन वर्षांनी. आता रिपोर्ट काढून आकार बघतो आणि विचारतो.

टिटवी :
अवांतर : पडद्यावर पॉलिपभोवती चौकट काढून दाखवणारी ती कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी का?

डॉ_पारिजात :
तिने जास्त पॉलिप सापडतात, मुख्यतः बारीक. पण पोलंडमधून २०२५ साली एक निरीक्षण आलं. ही मदत सुरू झाल्यावर डॉक्टरांनी तिच्याशिवाय केलेल्या तपासण्यांत अडेनोमा सापडण्याचं प्रमाण २८ वरून २२ टक्क्यांवर घसरलं होतं. डोळ्याची सवय मोडत असेल तर ती काळजीची गोष्ट आहे. मी वापरतो, पण आधी स्वतः बघतो.

मृदगंधा :
सगळ्यांचे मनापासून आभार. जुईंचं वाचून मी फिटच करायचं जवळजवळ ठरवलं होतं. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी विचारलं, सख्ख्या नात्यात कुणाला? मी नाही म्हणाले. तरी खात्रीसाठी रात्री दादाला विचारलं. तो सहज म्हणाला, "कर्करोग नाही गं, पण चार वर्षांपूर्वी एक पॉलिप काढला होता. काही नव्हतं म्हणून कुणाला बोललो नाही." रिपोर्टचा फोटो पाठवायला लावला. मोठा, १४ मिलिमीटरचा, ट्युब्युलोव्हिलस अडेनोमा. तेव्हा तो ५१ वर्षांचा होता. याने काही फरक पडतो का?

डॉ_पारिजात :
पडतो. एक सेंटिमीटरहून मोठा किंवा व्हिलस घटक (बोटांसारखे बारीक उंचवटे) असलेला अडेनोमा हा पुढारलेला, म्हणजे जास्त धोक्याचा, समजतात. सख्ख्या भावंडाला किंवा आईवडिलांना साठीच्या आत असा निघाला असेल, तर तुम्ही सरासरी जोखमीच्या गटात राहत नाही. अशांना चाळिशीपासून, किंवा नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून, कोलोनोस्कोपी सुचवतात. नॉर्डिक आणि स्पेनचे आकडे सरासरी माणसांचे आहेत. तुमच्यासाठी कोलोनोस्कोपीच. हा रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

सरळरेघ :
माझा विरोध सरसकट सगळ्यांना ढकलण्याला आहे, याला नाही. मृदगंधाताई, तुम्ही करून घ्या. आणि दादांना मुलं असतील तर त्यांनाही हे माहीत असू द्या.

जुई :
सहमत. फिट तुमच्यासाठी नाही. आपल्याकडे माणसं पॉलिप काढल्याचं घरात सांगत नाहीत, "काही नव्हतं" म्हणून फाईल कपाटात ठेवतात. तो कागद भावंडांच्या कामाचा असतो. लिंच सिंड्रोम (या कर्करोगाचा धोका खूप वाढवणारा आनुवंशिक दोष) असलेल्या घरांत तर विशीपासून दर वर्षा-दोन वर्षांनी तपासणी लागते आणि कुणी बोललंच नाही तर ते कळायचं कसं?

केतकीबन :
उशिरा आलो. माझी आई ७९ वर्षांची, दोन स्टेंट, रक्त पातळ करणारी गोळी चालू, मूत्रपिंड थोडं मंद. लक्षण कोणतंही नाही. सत्तरीत झालेली कोलोनोस्कोपी स्वच्छ होती. आता "रुटीन म्हणून पुन्हा करू" असं सुचवलं गेलंय. पुढच्या आठवड्याची तारीख आहे. हे सगळं वाचून धास्तावलोय.

डॉ_पारिजात :
तिला प्रत्यक्ष न बघता ठाम सांगणं योग्य नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला ही तपासणी करण्याचं कारण दिसत नाही. ७६ ते ८५ या वयात निर्णय माणूस बघून घेतात. आधीची स्वच्छ तपासणी, सोबतचे आजार, आणि आज सापडलेल्या गाठीने त्रास द्यायला लागणारा काळ, हे सगळं तपासणीच्या विरुद्ध बाजूला जातं. गोळी थांबवण्याचा आणि जुलाबांनी पाणी कमी होण्याचा धोका मात्र पहिल्याच दिवशी असतो. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

सरळरेघ :
केतकीबन, "हिच्या बाबतीत यातून काय साध्य होईल?" एवढं विचारा. उत्तर "रुटीन आहे" असं आलं तर ते उत्तर नव्हे.

केतकीबन :
बोललो. हृदयाच्या डॉक्टरांनीही नकोच सांगितलं. आईला विचारलं तर तीही नको म्हणाली, तारीख रद्द केली. शौचातून रक्त दिसलं किंवा हिमोग्लोबिन उतरलं तर न थांबता दाखवायचं, हे बहिणीलाही सांगून ठेवलंय, कारण आई तिच्याकडे असते.